वाडा विकणे आहे, पण कुणाला?

तालुक्याच्या गावांत हल्ली जुने वाडे विकायला निघाले आहेत. बाजारपेठेजवळ, प्रशस्त, दुमजली, मागे आड, वडिलोपार्जित, टायटल क्लिअर. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, वाडा सांभाळायला कुणी नाही. वाचणाऱ्याला हा साधा व्यवहार वाटतो. पण 'वडिलोपार्जित' या एका शब्दात जातीचा सगळा इतिहास दडलेला आहे.

वडिलोपार्जित म्हणजे बापजाद्यांनी मिळवलेलं आणि पुढच्या पिढीला विकता येईल असं. आपल्या पणज्यांकडे काय होतं? गावकुसाबाहेरचा महारवाडा आणि वतनाची तुकडाभर जमीन. ही जमीन म्हणजे रात्रंदिवस राबण्याचा मोबदला होता. 1874 च्या वतन कायद्यानुसार ती सरकारच्या मंजुरीशिवाय वतनाबाहेरच्या माणसाला कायमची विकता येत नव्हती. हे वतन म्हणजे गुलामी आहे हे ओळखून बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात दुरुस्ती विधेयक मांडलं. वतनं रद्द करणारा कायदा आला 1958 मध्ये, आणि जमिनी परत मिळाल्या त्या 'नवीन शर्ती'वर. म्हणजे विकायची तर कलेक्टरची परवानगी हवी.

फरक लक्षात घ्या. वाडेवाल्यांसाठी घर ही पिढ्यांची बँक होती. गहाण टाकून मुलगा शिकला, विकून शहरात फ्लॅट झाला. आपल्या घरांतली पहिली पिढी शिकली ती शिष्यवृत्तीवर आणि आईच्या मजुरीवर. स्पर्धेत दोघं एकाच रेषेवरून निघाले असं म्हणणाऱ्यांनी आधी दोघांचे सातबारे शेजारी ठेवून बघावेत.

"आता काळ बदलला, ज्याच्याकडे पैसा तो घर घेईल," असं सांगितलं जातं. 1917 साली परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीला गेले. पदवी होती, पगार होता, खुद्द महाराजांचा आधार होता. तरी राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून एका पथिकाश्रमात राहावं लागलं आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावानं बाहेर काढलं. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांनीही घरात घेण्याचं टाळलं. पैशानं जात पुसली जात नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता. पुढे त्यांनी दादरला स्वतःचं 'राजगृह' बांधलं, ते उगीच नव्हे.

आज काठ्या दिसत नाहीत. "आडनाव काय?", "मूळ गाव कुठलं?" एवढे दोन प्रश्न पुरतात. मग "घरच्यांचा विचार बदलला" असं कळतं, आणि महिन्याभरात तोच वाडा जातीतल्या माणसाला जातो.

अमेरिकेत 1968 पासून वंशावरून घर नाकारायला कायद्यानं बंदी आहे. आपल्याकडे उलट, 2005 मध्ये अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सदस्यत्व एकाच समाजापुरतं ठेवणारा उपनियम सर्वोच्च न्यायालयानं वैध ठरवला. पण आपल्या हातात काहीच नाही, असं नाही. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचं कलम 4 वाचा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणालाही कोणत्याही वस्तीत घर बांधायला, घ्यायला किंवा राहायला आडकाठी करणं हा गुन्हा आहे. हे कलम किती कार्यकर्त्यांना माहीत आहे?

म्हणून तरुणांनो, घर बघायला जाताना बोलणी तोंडी ठेवू नका. देऊ केलेली किंमत लेखी कळवा, जाहिरात आणि मेसेज जपून ठेवा, सोबत साक्षीदार न्या. नकार तोंडी राहिला की तो हवेत विरतो, कागदावर आला की पुरावा होतो.

डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. चांगलं झालं. पण महारवाड्याचं भीमनगर झालं, तरी भीमनगरातल्या माणसाला बाजारपेठेतला वाडा विकत मिळत नसेल, तर बदलली ती फक्त पाटी. गावकूस अजून उभंच आहे.

जय भीम!