एक श्रद्धा, दोन अधिकार

संघभेद मतभेदातूनच होतो, असे सामान्यतः मानले जाते. साष्टीचा इतिहास निराळे सांगतो. नवघर-भाईंदरचा परिसर या साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला आहे. १५३४ मध्ये वसईसह साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. बिशप सुचविण्याचा हक्क ‘पाद्रोआदो’नुसार पोर्तुगालच्या राजाकडे होता. पुढे १६२२ मध्ये पोपने धर्मप्रसारासाठी ‘प्रोपागांडा’ हे मंडळ स्थापिले व दोन अधिकार समोरासमोर आले.

पोर्तुगालनिष्ठ पाद्री इंग्रजांना मुंबईत नको होते. १७२० मध्ये त्यांनी फ्रान्सिस्कनांना घालवून रोमने नेमलेल्या कार्मेलाइटांना आणले. १७९४ मध्ये तेथील चर्च दोन्ही पक्षांत वाटली गेली. १८३८ मध्ये पोपने पाद्रोआदोचा अधिकार संकुचित केला, तो गोव्याच्या पक्षाने मानला नाही. १८८६ च्या तहानंतर मुंबईला आर्चबिशप लाभला, तरी साष्टीतील पाद्रोआदो चर्च दमणच्या बिशपाकडे गेली. ही दुहेरी सत्ता १९२८ च्या कराराने संपली.

वस्तुतः दोन्हींकडे पोप एक, मिस्सा एक, श्रद्धाही एकच. वाद होता तो नेमणुकीचा. तथापि त्यापायी एकाच श्रद्धेचे लोक पिढ्यान्‌पिढ्या दोन बिशपांत विभागले गेले. म्हणून कोणताही संघभेद अभ्यासताना प्रथम विचारावे: वाद मताचा, की अधिकाराचा?