अरुणकुमार वैद्य

जनरल अरुणकुमार श्रीधर वैद्य (२७ जानेवारी १९२६ – १० ऑगस्ट १९८६) हे भारताचे माजी भूसेनाप्रमुख आणि रणगाडा दलातील सेनानी होते. त्यांना दोनदा महावीर चक्र मिळाले. १९४५ मध्ये ते चिलखती दलात अधिकारी म्हणून दाखल झाले.

असल उत्तरची लढाई

सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानच्या चिलखती डिव्हिजनने पंजाबातील खेमकरण भागात चढाई केली. तिच्याकडे आधुनिक पॅटन रणगाडे होते. लेफ्टनंट कर्नल वैद्य यांच्या डेक्कन हॉर्स रेजिमेंटकडे मात्र दुसऱ्या महायुद्धातील शर्मन रणगाडे होते. भारतीय सैन्याने असल उत्तर गावाजवळ घोड्याच्या नालेच्या आकाराची मोर्चेबांधणी केली आणि शेतांत पाणी सोडले. चिखलात पॅटनची गती खुंटली. उसाच्या आड दबा धरलेल्या भारतीय रणगाड्यांनी ते जवळून टिपले. या लढाईतील नेतृत्वासाठी वैद्य यांना महावीर चक्र देण्यात आले.

बसंतरची लढाई

डिसेंबर १९७१ मध्ये ब्रिगेडियर वैद्य शकरगढ आघाडीवर १६ व्या स्वतंत्र चिलखती ब्रिगेडचे प्रमुख होते. या वेळी चढाई भारताची होती आणि वाटेत शत्रूने पेरलेले सुरुंग होते. ब्रिगेडने रणगाडे सुरुंगक्षेत्रापलीकडे नेऊन प्रतिहल्ले परतवले. याच ब्रिगेडमधील पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. वैद्य यांना दुसऱ्यांदा महावीर चक्र मिळाले.

भूसेनाप्रमुखपद व मृत्यू

वैद्य १९८३ ते १९८६ या काळात भूसेनाप्रमुख होते. १९८४ ची ‘ऑपरेशन ब्लू स्टार’ ही कारवाई त्यांच्या कार्यकाळात झाली. निवृत्तीनंतर काही महिन्यांतच पुण्यात खलिस्तानवादी दहशतवाद्यांनी त्यांची गोळ्या झाडून हत्या केली.