दुचाकीची निवड : पेट्रोलची स्कूटर की विजेची?

छत्तीसगढमधील भिलाई हे शहर पोलाद कारखान्याभोवती वाढले. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारण्यात आलेल्या या कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. कारखाना, सेक्टरांमध्ये विभागलेली त्याची वसाहत, सुपेला आणि पॉवर हाऊस येथील बाजारपेठा, लागूनच असलेले दुर्ग आणि सुमारे ३० किलोमीटरवरील रायपूर अशी येथील रहिवाशांची नित्याची ये-जा असते. केंद्र सरकारच्या गृहनिर्माण व नगरविकास महामंडळाच्या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी हुडको ही याच शहरातील निवासी वसाहत. येथून कामावर निघणाऱ्याचा प्रवास चार किलोमीटरचा असू शकतो, तसाच थेट रायपूरपर्यंतचाही. दोघांनाही दुचाकी लागते. मात्र दोघांना एकच दुचाकी सोयीची ठरेल असे नाही.

पेट्रोलच्या दराने लिटरला शंभर रुपयांची पातळी गाठल्यापासून विजेवर चालणाऱ्या स्कूटरकडे मध्यमवर्गीय कुटुंबांचे लक्ष वेधले गेले आहे. परंतु एक लाख रुपयांच्या आसपासचा हा खर्च अनेक घरांत कर्ज काढून केला जातो आणि चुकलेली निवड पुढे अनेक वर्षे निभवावी लागते. म्हणून शोरूममध्ये जाण्यापूर्वी तीन गोष्टी निश्चित केलेल्या बऱ्या : रोजचे किलोमीटर, चार्जिंगची जागा आणि दुरुस्तीची सोय.

ॲव्हरेजचा आकडा कसा वाचावा

जाहिरातीत दिलेले ॲव्हरेज हे प्रयोगशाळेतील ठरावीक चाचणीचे फलित असते. अशा चाचण्या पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया यांसारख्या मान्यताप्राप्त संस्थांमध्ये केल्या जातात. तेथे वेग, थांबे आणि वजन नियंत्रित असतात. रस्त्यावर मागे बसलेली व्यक्ती, सिग्नल, खड्डे आणि समोरून येणारा वारा यांचा परिणाम होतो. त्यामुळे जाहीर आकड्याचा साधारण पाऊण भाग प्रत्यक्षात मिळेल, असे धरून चालणे सुरक्षित असते. विजेच्या स्कूटरची एका चार्जिंगमधील जाहीर मजलही याच रीतीने वाचावी.

११० सीसीची पेट्रोल स्कूटर शहरात लिटरला ४५ किलोमीटरच्या आसपास जाते. १०० सीसीची मोटारसायकल त्याच रस्त्यावर ६० किलोमीटर किंवा त्याहून अधिक अंतर कापते. यामागे यांत्रिक कारण आहे. स्कूटरमध्ये गिअर बदलावे लागत नाहीत, कारण इंजिनाची शक्ती पट्ट्याच्या स्वयंचलित यंत्रणेतून चाकाकडे जाते. या सोयीत काही शक्ती वाया जाते. स्कूटरची चाकेही लहान असतात. इंधनाची बचत हाच एकमेव निकष असेल, तर पेट्रोल वाहनांमध्ये लहान मोटारसायकल आजही स्कूटरच्या पुढे आहे. साडी नेसणाऱ्या, सामान नेणाऱ्या किंवा घरातील अनेकांनी मिळून वापरण्याच्या वाहनाचा विचार असेल, तर स्कूटरची सोय मोलाची ठरते.

गाडीचे खरे ॲव्हरेज घरीच काढता येते. टाकी पूर्ण भरून किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा, काही दिवसांनी पुन्हा टाकी पूर्ण भरावी आणि मधल्या अंतराला दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरने भागावे. टायरमधील हवा योग्य ठेवणे, एअर फिल्टर वेळेवर स्वच्छ करणे आणि वेग ताशी ४० ते ५० किलोमीटरच्या दरम्यान ठेवणे, एवढ्याने हा आकडा लक्षणीय सुधारतो.

विजेवरचा खर्च

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट विजेइतकी ऊर्जा असते. पण इंजिनात तिचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने निघून जातो. विजेची मोटर मिळालेल्या ऊर्जेचा बहुतांश भाग चाकापर्यंत पोहोचवते. म्हणूनच विजेच्या स्कूटरला १०० किलोमीटरसाठी, चार्जिंगमधील गळती धरूनही, साधारण साडेतीन युनिट पुरतात.

पेट्रोल लिटरला १०० रुपये आणि वीज युनिटला ६ रुपये धरली, तर पेट्रोल स्कूटरचा इंधनखर्च किलोमीटरला सव्वादोन रुपयांच्या घरात जातो. विजेच्या स्कूटरचा पाव रुपयाहूनही कमी राहतो. प्रत्येकाने यात आपल्या बिलातील दर घालून पाहावा. घरगुती विजेचा दर वापरानुसार टप्प्याटप्प्याने वाढतो, त्यामुळे वाढीव युनिटला वरच्या टप्प्याचा दर लावणे योग्य. भिलाईच्या टाउनशिपमध्ये विजेचे वितरण पोलाद कारखान्याकडे आहे, तर तिच्याबाहेर राज्य वीज वितरण कंपनीकडे. बिल ज्या यंत्रणेकडून येते, तिचाच दर हिशोबात धरावा.

तीन अंतरे, तीन निष्कर्ष

महिन्याचे २५ दिवस प्रवास होतो असे मानू.

रोज ८ किलोमीटर : वर्षाला २,४०० किलोमीटर होतात. पेट्रोल स्कूटरला सुमारे ५,३०० रुपये लागतात, विजेच्या स्कूटरला ५०० रुपये. वर्षाची बचत ४,८०० रुपयांची. विजेची स्कूटर ३० हजार रुपयांनी महाग असेल, तर हा फरक भरून निघण्यास सहा वर्षांहून अधिक काळ लागेल आणि तोपर्यंत बॅटरी जुनी झालेली असेल. अशा ग्राहकाने चांगली चालणारी जुनी पेट्रोल स्कूटर घाईने विकू नये. नवे वाहन घ्यायचेच असेल, तर लहान बॅटरीची स्कूटर किंवा विजेची सायकल पुरेशी ठरते.

रोज २० किलोमीटर : वर्षाला ६,००० किलोमीटर. पेट्रोलवर सुमारे १३,३०० रुपये, विजेवर सुमारे १,२६० रुपये. बचत १२ हजार रुपयांची. ३० हजारांचा फरक अडीच वर्षांत वसूल होतो. घरी चार्जिंगची सोय असेल, तर या गटासाठी विजेची स्कूटर सर्वांत किफायतशीर ठरते.

रोज ६५ किलोमीटर, म्हणजे रायपूरला जाऊन येणे : वर्षाला १९,५०० किलोमीटर. पेट्रोल स्कूटरला ४३ हजार आणि मोटारसायकलला ३२ हजार रुपयांहून अधिक खर्च येतो. महामार्गावरील वेगामुळे विजेचा वापर वाढून १०० किलोमीटरला साडेचार युनिट धरले, तरी वर्षाचे विजेचे बिल ५,३०० रुपयांच्या आसपास राहते. कागदावर ही बचत सर्वांत मोठी आहे. परंतु रोज जवळजवळ पूर्ण चार्ज करावी लागणारी बॅटरी वर्षाला सुमारे ३०० वेळा चार्ज होते आणि लवकर झिजते. काही वर्षांनी क्षमता वीस टक्क्यांनी घटल्यावरही घरी परतता यावे, यासाठी साडेतीन ते चार युनिट क्षमतेची बॅटरी लागते, आणि तिची किंमतही तशीच असते. कार्यालयात चार्जिंगची सोय नसल्यास या अंतरासाठी मोटारसायकल किंवा रेल्वेचा पास यांचा विचार बाजूला सारता येत नाही.

चार्जिंग कोठे करणार?

स्कूटरसोबत मिळणारा चार्जर साधारण कपड्यांच्या इस्त्रीइतकी वीज घेतो. पण इस्त्री काही मिनिटे चालते, चार्जर चार ते सहा तास. म्हणून जुनी वायर आणि सैल सॉकेट यांवर विसंबू नये. योग्य अर्थिंग असलेले १५ किंवा १६ ॲम्पिअरचे स्वतंत्र सॉकेट जाणकार वायरमनकडून बसवून घ्यावे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरी किंवा कार्यालयात अस्तित्वात असलेल्या वीजजोडणीवरच वाहन चार्ज करण्यास मुभा आहे.

अंगण असलेल्या घरात ही व्यवस्था सोपी असते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसमोर खरी अडचण उभी राहते. खिडकीतून खाली सोडलेली वायर पावसाळ्यात जिवावर बेतू शकते. त्यांच्यासाठी काढून घरात नेता येणारी बॅटरी हा मार्ग आहे. मात्र ती दहा किलोच्या आसपास भरते आणि रोज जिना चढून न्यावी लागते. कारखान्यात पाळीने काम करणाऱ्यांनी आणखी एक बाब पाहावी : रात्रपाळी संपवून सकाळी परतल्यावर गाडी भर उन्हात चार्जिंगला लावावी लागणार असेल, तर आधी सावलीची तजवीज करावी.

उन्हाळा आणि बॅटरी

मे महिन्यात भिलाईतील पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. विदर्भातील नागपूर, चंद्रपूर आणि गोंदियाच्या रहिवाशांना हा उन्हाळा परिचित आहे. लिथियम बॅटरीचा मोठा शत्रू उष्णता हाच आहे. प्रवास संपताच बॅटरी तापलेली असते. ती अर्धा-पाऊण तास थंड होऊ देऊन मगच चार्जिंग सुरू करावे. रोज शंभर टक्के चार्ज करणे किंवा बॅटरी पूर्ण रिकामी होऊ देणे टाळावे.

बाजारात लिथियम बॅटरीचे दोन मुख्य प्रकार आढळतात. निकेल-मँगनीज-कोबाल्टची बॅटरी वजनाने हलकी असते आणि लांब अंतर देते. लोह-फॉस्फेटची बॅटरी जड असते, पण उष्णतेत अधिक स्थिर राहते आणि अधिक वेळा चार्ज करता येते. मध्य भारतातील हवामानात दुसऱ्या प्रकाराचा पर्याय उपलब्ध असल्यास त्याला प्राधान्य द्यावे. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात विजेच्या स्कूटरना आगी लागण्याच्या घटना घडल्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेची ‘एआयएस १५६’ ही मानके कडक करण्यात आली. सुधारित तरतुदी डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. त्याआधीची जुनी स्कूटर घेणाऱ्याने बॅटरीची तपासणी अवश्य करून घ्यावी.

कोळशाच्या विजेचा आक्षेप

छत्तीसगढमधील वीज मुख्यत्वे कोळशापासून तयार होते. कोरबा हे त्याचे मोठे केंद्र असून भिलाईतही ५०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प आहे. मग विजेच्या स्कूटरने धूर केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागी हलतो काय, असा प्रश्न विचारला जातो. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. देशात सरासरी एक युनिट वीज निर्माण होताना सुमारे ०.७ किलो. वर्षाला ६,००० किलोमीटरसाठी पेट्रोल स्कूटरचा वाटा ३०० किलोच्या वर जातो, तर विजेच्या स्कूटरचा, वाहिन्यांमधील गळती धरूनही, त्याच्या निम्म्याच्या आसपास राहतो. आक्षेपात तथ्य आहे, पण लाभ त्याने पुसला जात नाही. शिवाय गल्लीतील धूर आणि आवाज पूर्णपणे थांबतो.

नियम, कर आणि अनुदान

ताशी २५ किलोमीटरपेक्षा अधिक वेग नसलेल्या आणि २५० वॅटपर्यंतच्या मोटरच्या विजेच्या दुचाकीला नोंदणी व परवान्याची आवश्यकता नसते. धुळे, अकोला, नागपूरमार्गे येऊन भिलाईतून रायपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वरील अवजड वाहतुकीत मात्र असे मंद वाहन नेणे धोक्याचे आहे. याहून वेगवान दुचाकीला नोंदणी, परवाना व विमा बंधनकारक असून खासगी वाहनाला हिरवी क्रमांकपट्टी लावली जाते. २ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेद्वारे बॅटरीवरील वाहनांना नोंदणी प्रमाणपत्राच्या शुल्कातून सूट देण्यात आली.

विजेच्या वाहनांवरील वस्तू व सेवा कर ऑगस्ट २०१९ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आणि दोन्हींमधील अंतर कमी झाले. केंद्रीय अनुदानही टप्प्याटप्प्याने घटत आले आहे. ‘फेम-२’ योजनेत जून २०२१ मध्ये ते बॅटरीच्या प्रत्येक युनिट क्षमतेमागे १५ हजार रुपये होते, जून २०२३ पासून १० हजार करण्यात आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत ते ५ हजारांवर आले आणि पुढील वर्षी अडीच हजारांवर. त्यामुळे विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर न जाता अनुदान वगळून येणाऱ्या किमतीवरच हिशोब मांडावा.

खरेदीपूर्वी

२०२३ मध्ये स्वदेशी सुट्या भागांच्या अटीचा भंग झाल्याच्या कारणावरून केंद्र सरकारने काही उत्पादक कंपन्यांकडे अनुदानाची रक्कम परत मागितली होती. कंपनी अडचणीत आली की सुटे भाग आणि बॅटरी यांच्यासाठी ग्राहकाला हेलपाटे घालावे लागतात. यास्तव पुढील बाबी लेखी विचारून घ्याव्यात : बॅटरीची हमी किती वर्षांची व किती किलोमीटरची; क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास ती बदलून मिळेल; नव्या बॅटरीची आजची किंमत किती; सेवा केंद्र भिलाई-दुर्गमध्ये आहे की रायपूरला जावे लागेल; पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा कोणता. चाचणी फेरी दोघांनी बसून, शक्य झाल्यास उड्डाणपुलावरून घ्यावी. हेल्मेट भारतीय मानक ब्युरोच्या चिन्हाचेच असावे आणि ते मागे बसणाऱ्यासाठीही घ्यावे.

घरात जुनी पेट्रोल दुचाकी असेल, तर तिची भर असताना छोट्या बॅटरीची विजेची स्कूटर पुरेशी ठरते : रोजची कामे विजेवर आणि लांबचा प्रवास पेट्रोलवर. घरात एकच वाहन परवडणार असेल, तर महिनाभर रोजच्या किलोमीटरची नोंद वहीत ठेवावी. शोरूममधील कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा ती वही अधिक भरवशाचा सल्ला देते.