बौद्धांची लोकसंख्या खरेच घटते आहे का?

समाजाच्या बैठकांत अलीकडे एक वाक्य हमखास ऐकू येते : आपली संख्या कमी होत चालली. आधी आकडे पाहू. २००१ ते २०११ या दशकात देशाची लोकसंख्या १७.७ टक्क्यांनी वाढली, बौद्धांची ६.१ टक्क्यांनी. महाराष्ट्रात आपण ५८.३९ लाखांवरून ६५.३१ लाख झालो, पण राज्यातला वाटा ६.०३ वरून ५.८१ टक्क्यांवर आला. म्हणजे संख्या घटलेली नाही, वाढ मंदावली आहे. पुढे मात्र ती घटू शकते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बौद्धांचा एकूण प्रजनन दर १.३९ निघाला; लोकसंख्या टिकायला तो साधारण २.१ लागतो.

यावर ‘जास्त मुले होऊ द्या’ हा उपाय आम्हाला मान्य नाही. मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, म्हणून पाळणा लांबला. १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षानेच मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला होता.

शिवाय आपला समाज पाळण्यातून वाढलेलाच नाही. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ साली २,४८७ बौद्ध होते, १९६१ साली २७,८९,५०१. मधे १९५६ चे नागपूर आहे. माणसांनी विचार करून घेतलेला तो निर्णय होता.

मग काळजी कशाची? परभणी जिल्ह्यात काम करताना आम्हाला दिसते की तरुण पुण्याला, चाकणला जातात आणि विहारात वंदनेला म्हातारी माणसे उरतात. आजारपणात त्यांना दवाखान्यात कोण नेणार, हा प्रश्न जन्मदराहून जवळचा आहे. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर न्यायालयीन कोठडीत ज्या तरुणाचा जीव गेला, तो वडार समाजातला, कायद्याचा विद्यार्थी होता. आपले कोण, हे जन्मनोंदीवरून ठरवायचे असेल तर त्याला कुठे बसवणार? उपोसथाला, जयंतीच्या बैठकीला आपण शेजारच्या वस्तीला बोलावतो का? बहुतेक गावांत नाही.

एक काम मात्र लगेच करण्यासारखे आहे. २०२७ च्या जनगणनेत जातही नोंदली जाणार आहे. धर्म ‘बौद्ध’ लिहिला तर सवलती जातील, ही भीती अजून घराघरांत आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. धर्म बौद्ध आणि जात आपली, दोन्ही नोंदवता येते. प्रगणक दारात येण्याआधी हे घरच्या मोठ्यांना समजावून सांगा.