काळजातली झडप

माल खोटा निघाला तर तो परत मागवावा, हा व्यापारातला जुना रिवाज. पण माल माणसाच्या काळजात शिवलेला असेल तर?

स्वीडिश शल्यवैद्य विकिंग ब्यॉर्क आणि कॅलिफोर्नियातील शायली कंपनी यांच्या नावाची एक नवी कृत्रिम झडप १९७९ पासून अमेरिकेत विकली जाऊ लागली. धातूचे कडे, त्यात कलणारी चकती, ती धरून ठेवणाऱ्या तारेच्या दोन कमानी. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून चकतीला निराळा बाक दिला होता. हेतू चांगलाच होता. परंतु एक कमान वेल्डिंगने जोडलेली होती. ती तुटली की चकती निसटे आणि रोगी बहुधा दगावे.

१९८६ मध्ये कंपनीने झडप मागे घेतली. तोवर जगभर सुमारे ८६,००० झडपा बसल्या होत्या. कपाटातल्या परत आल्या. छातीतल्या कशा येणार? बदलायची तर छाती पुन्हा उघडायची, आणि पुष्कळांच्या बाबतीत तोच धोका मोठा. अशा झडपेची टिकटिक निजल्यावर ऐकू येते, म्हणतात. या मंडळींनी ती कोणत्या मनाने ऐकली असेल!

अमेरिकी काँग्रेसने या प्रकरणाची चौकशी केली. शरीरात कायमच्या बसविलेल्या अशा जोखमीच्या साधनांचा माग कारखानदाराने रोग्यापर्यंत ठेवावा, ही तरतूद तिथल्या कायद्यात १९९० साली आली.