मिठाच्या वाटेवरचा मुक्काम

अन्नपूर्णा परिसरात ट्रेकला गेलेल्याला पहिल्याच लॉजमध्ये एक रीत कळते: जिथे झोपायचं, तिथेच जेवायचं. खोलीचं भाडं नाममात्र, मालकिणीची खरी कमाई डाळ-भातावर. ही रीत पर्यटनाच्याही आधीची आहे. तिचा माग काढत गेलं की आपण मिठापाशी पोचतो.

नेपाळच्या डोंगरांत मीठ मिळत नाही, तिबेटच्या पठारावर भात पिकत नाही. मधे धौलागिरी (८,१६७ मीटर) आणि अन्नपूर्णा (८,०९१ मीटर). या दोघांमधून काली गंडकी वाहते. पर्वत उंचावत राहिला, तशी नदीही कापत राहिली. म्हणून तिचं पात्र शिखरांच्या साडेपाच हजार मीटर खाली आहे. दक्षिणेला लुमले इथे महाबळेश्वरच्या तोडीचा पाऊस पडतो, तर रांगेच्या आड जोमसोमला वर्षाकाठी तीनशे मिलिमीटरही नाही. हिरव्यागार रानातून उघड्या, पिवळ्या डोंगरांत चार-पाच दिवसांत पायी नेणारी ही वाट मला हिमालयाचं सर्वांत मोठं आकर्षण वाटते.  

याच वाटेने तिबेटी सरोवरांचं मीठ खाली यायचं आणि धान्य वर जायचं. अदलाबदल व्हायची तुकुचे गावात. व्यापार थकाली समाजाच्या हाती होता, आणि वाटेवरच्या भट्ट्या, म्हणजे छोट्या खाणावळी, थकाली बायका चालवत. व्यापाऱ्याने जेवणाचे पैसे द्यावेत, चुलीजवळ अंग टाकायला वेगळं काही पडत नसे.

१९५० मध्ये मोरिस एरझोगची फ्रेंच मोहीम तुकुचेलाच तळ देऊन होती. ३ जूनला अन्नपूर्णेवर पाऊल पडलं. माणसाने गाठलेलं ते आठ हजार मीटरवरचं पहिलं शिखर. दशकभरातच तिबेटची सीमा आवळली गेली आणि मिठाचा व्यापार ढासळला. अनेक थकाली कुटुंबं पोखरा-काठमांडूकडे उतरली. मग व्यापाऱ्यांच्या जागी पर्यटक येऊ लागले. १९६४ मध्ये जिमी रॉबर्ट्स या निवृत्त ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने काठमांडूत ट्रेकिंग कंपनी काढली. पण ते ट्रेक तंबू, स्वयंपाकी, हमाल असा लवाजमा घेऊन चालत. पाठीवर एक पिशवी घेऊन हिंडणाऱ्या तरुणांना ते परवडणारं नव्हतं. हे तरुण भट्टीतच उतरले. मग फळीच्या भिंती घालून खोल्या झाल्या, मार्फा गावच्या सफरचंदांचा ‘अ‍ॅपल पाय’ ताटात आला. तंबूऐवजी लॉजमध्ये उतरत जाण्याच्या या टी-हाऊस ट्रेकिंगचं श्रेय परदेशी गिर्यारोहकांना सहज दिलं जातं. मी ते या चुलींपाशी बसलेल्या बायकांना देईन.

आता जीप थेट मुक्तिनाथ तीर्थापर्यंत जाते आणि मधल्या गावांत थांबण्याची गरज उरलेली नाही. तरीही एक रात्र तुकुचेत काढावी. पोचायचं मात्र सकाळीच, कारण दुपारी दरीत वारा माती उडवत सुटतो. मिठाच्या व्यापाऱ्यांचे चौकाचे दगडी वाडे तिथे अजून उभे आहेत. त्यांतल्या काहींत राहता येतं.