मुंबई ते माथेरान : नव्वद किलोमीटर सोपे, शेवटचे तीन अवघड

मुंबई : सात बेटे जोडून उभे राहिलेले मुंबई शहर आणि रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर वसलेले माथेरान यांच्यातील अंतर फारसे नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते नेरळ हा लोहमार्ग सुमारे ८६ किलोमीटरांचा आहे. नेरळहून घाटरस्त्याने दस्तुरी नाका आठ किलोमीटरांच्या आसपास आणि दस्तुरीपासून माथेरानची बाजारपेठ अडीच ते तीन किलोमीटरांवर. पहिल्या दोन टप्प्यांसाठी साधने भरपूर आहेत आणि त्यांत निवड करणे कठीण नाही. प्रवासाचा खर्च, लागणारा वेळ आणि होणारी दमछाक ठरते ती शेवटच्या टप्प्यावर, कारण दस्तुरीच्या पुढे मोटारीला प्रवेश नाही.

ठाणे जिल्ह्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट १८५० मध्ये चौक गावाकडून हा डोंगर चढून गेले आणि त्यानंतर मुंबईच्या युरोपीय व पारशी वर्गाने येथे बंगले बांधले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने फेब्रुवारी २००३ मध्ये माथेरान व भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. रुग्णवाहिका व अग्निशमन यांसारखे अपवाद सोडले तर गावात इंजिनाचे वाहन चालत नाही. पर्यटक ज्या शांततेसाठी येतात ती या निर्बंधातून आली आहे आणि येथील रहिवाशांच्या बहुतेक अडचणीही त्यातूनच आल्या आहेत.

नेरळपर्यंत : उपनगरी रेल्वे की रस्ता

मुंबईहून नेरळला जाण्यासाठी मध्य रेल्वेची उपनगरी गाडी हाच सर्वांत स्वस्त आणि बहुतेक वेळा सर्वांत खात्रीचा मार्ग होय. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८५६ मध्येच नेरळवरून खोपोलीपर्यंत पोहोचला होता. माथेरान मुंबईकरांच्या आवाक्यात आले त्यामागे हे मोठे कारण होते. आज कर्जत किंवा खोपोलीकडे जाणारी कोणतीही लोकल नेरळला थांबते आणि प्रवासास सुमारे दोन तास लागतात.

मुंबईबाहेरून येणाऱ्या प्रवाशाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. कल्याणला मार्ग दुभंगतो. एक फाटा कसाऱ्याकडे, तर दुसरा कर्जतकडे जातो. त्यामुळे केवळ ‘कल्याणच्या पुढे जाणारी’ गाडी पकडून भागत नाही. कर्जतच्या फाट्यावरही अनेक गाड्या अंबरनाथ किंवा बदलापूर येथेच संपतात. बदलापूरनंतर वांगणी, शेलू आणि मग नेरळ असा क्रम आहे. या भागात गाड्यांची संख्या कमी असल्याने एक लोकल चुकली तर दुसरीची बराच वेळ वाट पाहावी लागते. रविवारी देखभालीसाठी मेगाब्लॉक घेतला जातो. त्या दिवशी निघण्यापूर्वी वेळापत्रक तपासलेले बरे.

नागपूर, भोपाळ, वाराणसी वा कोलकाता या दिशांनी येणाऱ्यांना मुंबईत शिरण्याचेही कारण नाही. त्या बाजूच्या अनेक लांब पल्ल्याच्या गाड्या कल्याणला थांबतात आणि तेथून कर्जत लोकल मिळते. पुणे, सोलापूर, हैदराबादकडून येणाऱ्यांना कर्जतला उतरून मुंबईच्या दिशेने दोन स्थानके मागे यावे लागते. पहिले भिवपुरी रोड, दुसरे नेरळ. मात्र आपली गाडी कर्जतला थांबते की नाही, हे आरक्षणाच्या वेळीच पाहावे. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यातील पनवेल–कर्जत उपनगरी मार्ग सुमारे ३० किलोमीटरांचा आहे. नवी मुंबईच्या प्रवाशांचा कल्याणचा वळसा त्यामुळे वाचेल. परंतु नेरळसाठी त्यांना कर्जतला गाडी बदलावीच लागेल.

रस्त्याने येणाऱ्यांसाठी दोन प्रमुख वाटा आहेत. दक्षिण मुंबई व नवी मुंबईहून पनवेल, चौक, कर्जत या मार्गाने नेरळ गाठता येते. ठाणे-कल्याण परिसरातून बदलापूरमार्गे येणे जवळचे पडते. शिवडी ते न्हावा शेवा हा सुमारे २२ किलोमीटरांचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाल्यापासून दक्षिण मुंबईच्या मोटारींना पनवेलपर्यंतची कोंडी टाळता येते. त्यासाठी पथकर मोजावा लागतो आणि दुचाकींना तेथे मज्जाव आहे. सकाळी लवकर निघाल्यास मोटार लोकलपेक्षा फारशी मागे राहत नाही. तथापि, शनिवार-रविवारी व सुट्यांच्या दिवसांत नेरळच्या घाटात वाहनांची रांग लागते आणि दस्तुरीचे वाहनतळ भरले की पुढे जाण्याची सोयच उरत नाही. एवढ्या खटाटोपानंतर मोटार दस्तुरीलाच सोडून द्यायची असते. चौघांचे कुटुंब, सोबत लहान मूल वा वृद्ध माणूस असेल तर मोटारीला अर्थ आहे. एकट्यादुकट्याने ती नेण्यात विशेष लाभ दिसत नाही.

नेरळहून वर

नेरळ स्थानकाबाहेर दस्तुरीपर्यंत सोडणाऱ्या सामायिक टॅक्सी उभ्या असतात. माणसे भरली की गाडी निघते आणि अर्ध्या तासाच्या आत दस्तुरी येते. चढ तीव्र, वळणे अरुंद. हा घाट ओळखणारा चालक असणे हितावह. राज्य परिवहन महामंडळाची लहान बसही कर्जत-नेरळहून दस्तुरीपर्यंत येते. फेऱ्या मोजक्या असल्या तरी भाडे सर्वांत कमी पडते.

दुसरा पर्याय अर्थातच छोट्या रेल्वेचा. सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये काम सुरू करून १९०७ मध्ये ही गाडी धावती केली. दोन फूट रुंदीच्या या लोहमार्गावर नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज आणि माथेरान अशी स्थानके आहेत. सुमारे साडेसातशे मीटर उंची चढण्यासाठी गाडी २१ किलोमीटरांची वळणे घेते आणि अडीच तासांहून अधिक वेळ लावते. म्हणजे मुंबईहून नेरळला येण्यास लागतो त्याहूनही जास्त. फेऱ्या दिवसातून मोजक्याच. तिकिटे नेरळच्या खिडकीवर गाडी सुटण्याआधी थोडा वेळ मिळतात आणि सुटीच्या दिवशी ती पाहता पाहता संपतात. साधन म्हणून पाहिले तर ही गाडी टॅक्सीपुढे टिकत नाही. पण तिच्यात बसणारे पोहोचण्याच्या घाईने बसत नाहीत, हेही खरे.

या गाडीवर सर्वस्वी विसंबून बेत आखू नये, यामागे इतिहास आहे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला आणि गाडी पूर्ववत होण्यास २००७ उजाडले. मे २०१६ मध्ये डबे घसरण्याच्या घटना घडल्यानंतर सेवा थांबवण्यात आली. संपूर्ण मार्ग २०१८ च्या आरंभी खुला झाला. पुढच्याच वर्षी पावसाने पुन्हा रूळ उखडले आणि नेरळहून गाडी निघायला ऑक्टोबर २०२२ यावा लागला. एरवीही साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळ ते अमन लॉज हा भाग बंदच असतो. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-शिमला या पर्वतीय रेल्वेंना युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला; माथेरानची गाडी मात्र अद्याप तात्पुरत्या यादीतच आहे.

दस्तुरीच्या पुढे

दस्तुरी नाक्यावर उतरल्यावर नगरपरिषदेचा प्रवेशकर भरावा लागतो आणि तेथून पाच पर्याय समोर येतात : पायी जाणे, अमन लॉजहून सुटणारी शटल गाडी, घोडा, हातरिक्षा आणि ई-रिक्षा. सामान वाहण्यासाठी हमाल मिळतात.

प्रकृती ठीक असेल तर चालण्यासारखा पर्याय नाही. वाट झाडीतून जाते, चढ बेताचा आहे आणि पाऊण तासात बाजारपेठ येते. शटल गाडीचे अमन लॉज स्थानक दस्तुरीपासून काही मिनिटांच्या चालीवर असून तेथून माथेरान वीस मिनिटांच्या आत गाठता येते. पावसाळ्यात मोठा मार्ग बंद असतानाही ही शटल सामान्यतः चालू असते. नेरळ-माथेरान गाडीचा बोलबाला मोठा. पण रहिवाशाच्या रोजच्या उपयोगाची सेवा खरे तर ही आहे.

असे असूनही नव्या पर्यटकाला शटलचा पत्ता कित्येकदा उशिरा लागतो. गाडी बंद आहे, ई-रिक्षा मिळणार नाही, चालत जाणे फार लांब आहे असे सांगून पर्यटकांना घोड्यावर बसवले जाते, अशा तक्रारी वाढल्यानंतर मार्च २०२५ मध्ये माथेरानमधील स्थानिकांनीच पर्यटकांच्या फसवणुकीविरुद्ध बेमुदत बंद पुकारला होता. बंद लवकरच मागे घेण्यात आला. पर्यटनावर जगणाऱ्या गावाने पर्यटकांसाठी दारे बंद करावीत, यावरून प्रश्नाची तीव्रता ध्यानात यावी. अर्थात, घोडेवाल्यांची बाजूही आहे. माथेरानमध्ये परवानाधारक घोड्यांची संख्या चारशेहून अधिक आहे, त्यांचा चारा पावसाळ्यातही थांबत नाही आणि प्रत्येक नवे साधन त्यांच्या फेऱ्या कमी करते. म्हणूनच ई-रिक्षांना सर्वाधिक विरोध त्यांच्याकडून झाला.

हातरिक्षेची कथा याहून गंभीर आहे. एक जण पुढून ओढतो, चढ असला की दोघे मागून ढकलतात आणि आत एक किंवा दोन माणसे बसलेली असतात. लाल मातीच्या रस्त्यावर, भर पावसात हे काम पिढ्यान् पिढ्या चालत आले. ९४ परवानाधारक हातरिक्षांमागे तेवढी कुटुंबे आणि प्रत्येक रिक्षेला हात लावणारे आणखी मजूर आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ई-रिक्षांच्या प्रायोगिक वापरास परवानगी दिली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरपासून तीन महिने हा प्रयोग झाला. वृद्ध, अपंग आणि विशेषतः शाळेत जाणारी मुले यांना त्याचा फायदा स्पष्ट दिसला. पुढे न्यायालयाने ई-रिक्षांची संख्या तूर्त २० वर मर्यादित ठेवली व त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच देण्याचे बजावले.

त्यानंतर ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश महाराष्ट्र सरकारला दिला. गुजरातमधील केवडिया येथील ई-रिक्षांचा दाखला देत, वाहने राज्याने खरेदी करावीत, खऱ्या हातरिक्षाचालकांना ती भाड्याने द्यावीत आणि निधीची कमतरता ही सबब होऊ शकत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. उरलेल्या ई-रिक्षा आदिवासी महिला व अन्य गरजूंना देता येतील, असेही सुचवले. दस्तुरी ते छत्रपती शिवाजी महाराज पुतळा या मुख्य रस्त्यावर मातीचे पेव्हर ब्लॉक बसवण्यास न्यायालयाने मुभा दिली. अंतर्गत वाटा आणि घोड्यांच्या पायवाटा मात्र त्यातून वगळल्या. यामागचे कारण व्यावहारिक आहे. दरवर्षी पावसाने मुरूम वाहून जातो, रस्त्यावर घळी पडतात आणि अशा रस्त्यावर ई-रिक्षाच काय, रुग्णाला नेणारी गाडीही नीट चालत नाही. दुसरीकडे, फरसबंदी वाढली की मोटारींचा मार्ग मोकळा होईल, ही पर्यावरणवाद्यांची भीती निराधार म्हणता येणार नाही.

या साऱ्याचा प्रवाशापुरता अर्थ असा की, शेवटच्या टप्प्यासाठी ई-रिक्षा किंवा शटल हे पहिले पर्याय धरावेत, सामान हमालाकडे द्यावे आणि शक्य तितके चालावे. गुडघेदुखी, हृदयविकार वा गर्भारपण असेल तर सुटीचे दिवस टाळावेत. त्या दिवशी ई-रिक्षांची रांग लांबते आणि शटलमध्ये जागा मिळेलच असे नाही. घोड्यावर बसायचे झाल्यास दर आधी ठरवावा. फलकावर लिहिलेले दर असतात. ते वाचूनच बोलणी करावी.

परतीचा प्रवास बहुतेकांच्या हिशेबात नसतो. छोट्या रेल्वेची उतरणीची शेवटची गाडी दुपारीच सुटते. त्यानंतर दस्तुरीहून टॅक्सी हाच मार्ग उरतो आणि अंधार पडल्यावर त्यांची संख्या घटते. रविवारी सायंकाळी पर्यटक एकाच वेळी खाली उतरतात. त्यामुळे बाजारपेठेतून निघून नेरळच्या फलाटावर पोहोचण्यासाठी किमान दोन तास हाताशी ठेवावे लागतात. नेरळहून मुंबईकडे जाणारी लोकल कर्जत वा खोपोलीहूनच भरून येते. बसायला जागा हवी असेल तर उलट दिशेच्या गाडीने कर्जतला जाऊन तेथून सुटणारी लोकल पकडण्याची युक्ती नियमित प्रवासी करतात. तिकीट मात्र कर्जतपर्यंतचेही काढावे लागते.